शाखा, मुख्य कचेरी आणि मधली तार

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत दरवर्षी पाककृती, भरतकाम, सणवार, संतचरित्रे यांवर भगिनींचे लेख येतात आणि ते आवडीने वाचले जातात. यंदा मी थोडा निराळा विषय घेतला आहे. शाखा एका गावी असते, तिची मुख्य कचेरी दुसऱ्या गावी असते, आणि दोहोंना जोडणारी एक तार असते. ही तार आली कशी, तिने कोणाचे काम सोपे केले, आणि तिच्या अलीकडच्या टोकाला, म्हणजे आपल्यासारख्या गावाच्या टोकाला, उभ्या असलेल्या माणसाचे काय झाले, याचा हा थोडासा इतिहास आहे. विषय यंत्राचा आहे म्हणून कोणी पान उलटू नये. पोस्ट, बँक आणि रेशनचे दुकान या तिन्ही ठिकाणचे आपले काम याच तारेवर लोंबकळत असते.

सुरुवात आपल्या गावापासूनच करू. साखरखेर्ड्याचे नाव इतिहासाच्या पुस्तकांत आले ते १७२४ सालच्या लढाईमुळे. त्या काळी बादशहाची मुख्य कचेरी दिल्लीत, आणि दख्खनचा सुभा ही तिची एक दूरची शाखा, असे म्हटले तर चालेल. बादशहा महंमदशहा याच्या दरबारातील मंडळी निजाम-उल-मुल्क याच्यावर नाराज होती. निजाम शिकारीचे निमित्त सांगून दिल्लीबाहेर पडला आणि दख्खनची वाट धरून चालू लागला. दरबाराने इकडे हैदराबादचा सुभेदार मुबारिजखान यास दख्खनची सुभेदारी देऊ केली आणि निजामाचा बंदोबस्त करण्यास आतून कळविले. ऑक्टोबर १७२४ मध्ये आपल्या गावाजवळ दोघांची गाठ पडली. मुबारिजखान मारला गेला. निजामाने विजयाची खूण म्हणून गावाचे नावच बदलले, आणि इंग्रजी अमदानीतल्या गॅझेटियरमध्ये आपले गाव ‘फत्तेखेलडा’ म्हणून सापडते. लोकांच्या जिभेवर मात्र साखरच राहिली. पुढल्याच वर्षी, १७२५ साली, त्याच दिल्लीने त्याच निजामाला आसफजाह ही पदवी दिली. दुसरे काय करणार? दिल्लीचा हुकूम जासुदाच्या पायांनी आणि घोड्याच्या टापांनी चालत होता. तो पोहोचेपर्यंत इकडे निकाल लागून गेलेला असे. रस्ता लांब आणि निरोप संथ असला म्हणजे शाखेवरचा माणूस आपल्या बुद्धीने चालतो, मग ते भल्यासाठी असो की बुऱ्यासाठी.

लढाईची गोष्ट सोडून आता व्यापाराकडे येते. कारण आपल्या जिल्ह्यात तार खरी पोसली ती कापसाने. खामगाव हा त्या काळी वऱ्हाडातला कापसाचा मोठा बाजार. घाटावरच्या गावांतल्या बैलगाड्याही घाट उतरून तेथे जात. मुंबईच्या व विलायतेच्या पेढ्यांना हा कापूस हवा असे. अशा पेढीचा गुमास्ता गावोगावी फिरे, पाऊसपाणी बघे, बोंडे हाताने चोळून धागा पारखी आणि भाव ठरवी. मुंबईहून विलायतेस पत्र जावयाचे तर महिनाभर लागे आणि उत्तर यावयास आणखी महिना. तेव्हा ‘लिव्हरपूलला आज काय भाव आहे’ हे गुमास्त्याला ठाऊक नसे आणि त्याच्या मालकालाही नसे. मालकाने सगळा भार त्या माणसाच्या अकलेवर आणि इमानावर टाकलेला असे.

१८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झाले. तिकडचा कापूस विलायतेच्या गिरण्यांना मिळेना, म्हणून इकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईत पैशाचा पूर लोटला. युद्ध संपल्याची बातमी १८६५ साली आली आणि भाव कोसळले. कैक मोठ्या पेढ्या बुडाल्या. ज्याला बातमी आधी कळली तो वाचला, ज्याला उशिरा कळली तो गेला. तेव्हापासून व्यापाऱ्यांनी एक गोष्ट मनाशी पक्की बांधली, की कापसाच्या गाठीइतकेच मोल बातमीलाही आहे.

त्यानंतर पाच वर्षांत सगळे जुळून आले. १८६९ च्या नोव्हेंबरात सुएझचा कालवा खुला झाला. १८७० साली जलंब ते खामगाव ही आगगाडीची छोटीशी फांदी सुरू झाली, आणि तिच्या उद्घाटनाला स्वतः व्हाइसरॉय लॉर्ड मेयो खामगावला आले. आठ मैलांच्या रुळासाठी हिंदुस्थानचा लाटसाहेब कशाला आला असेल? यावरूनच कापसाची किंमत समजावी. त्याच १८७० साली ‘ग्रेट ईस्टर्न’ नावाच्या प्रचंड जहाजाने मुंबईपासून एडनपर्यंत समुद्राच्या तळाशी तार टाकली, ती पुढे सुएझपर्यंत जोडली गेली, आणि जूनमध्ये मुंबई व लंडन थेट बोलू लागली. तत्पूर्वी १८६५ पासून इराणच्या आखातातून एक तार होती खरी, पण तुर्कस्तानच्या मुलखातून जाता येता निरोपाला कित्येक दिवस लागत आणि मजकुराची मोडतोड होई. नव्या तारेने ते काम काही तासांवर आणले. खामगावच्या बाजारापर्यंतही तारायंत्राची ओळ येऊन पोहोचली. आता लिव्हरपूलच्या व्यापाऱ्याने तारेने मागणी करावी आणि सुमारे सहा आठवड्यांत वऱ्हाडचा कापूस त्याच्या धक्क्यावर उतरावा, अशी सोय झाली.

या तारेच्या जोरावर खामगावला परदेशी पेढ्यांनी शाखा मांडल्या. त्यांतली एक व्होल्कार्ट ब्रदर्स. स्वित्झर्लंडमधील विंटरथूर आणि आपली मुंबई अशा दोन्ही ठिकाणी ही पेढी दोघा भावांनी १८५१ साली एकदमच काढली होती. (पुढे १९५४ साली टाटांबरोबर तिची भागीदारी होऊन ‘व्होल्टास’ झाली. उन्हाळ्यात ज्यांच्या घरी थंड हवेचे यंत्र चालते, त्यांनी त्यावरचे नाव वाचून पाहावे. त्याचे एक मूळ आपल्याच जिल्ह्यातल्या कापसाशी जाऊन भिडते.) मुख्य कचेरी युरोपात, मोठी कचेरी मुंबईत, शाखा खामगावात. तारेला शब्दागणिक पैसे पडत, म्हणून पेढ्यांनी आपापल्या सांकेतिक शब्दांची पुस्तके केली होती. एका शब्दाचा अर्थ एक सबंध वाक्य. ‘अमुक प्रतीच्या इतक्या गाठी इतक्या भावापर्यंत घ्या’ हे एकदोन शब्दांत भागे, आणि तारमास्तरालाही त्याचा उलगडा होत नसे. आपल्या सासरमाहेरच्या खुणांच्या बोलण्यासारखेच म्हणा ना!

आता गुमास्त्याचे काय झाले ते पाहा. तो तेथेच होता, तीच बोंडे हाताने चोळीत होता, पण भाव त्याच्या डोक्यातून निघत नव्हता. तो सकाळी तारेने येई. लिव्हरपूलचा आकडा मुंबईस, मुंबईचा आकडा खामगावास, आणि गुमास्त्याने त्याप्रमाणे बोटे दाबावयाची. बाजारात सौदा रुमालाखाली बोटे धरून होत असे, हे जुन्या माणसांनी सांगितलेले आपण ऐकले आहेच. रुमालाखाली एका हाताला जगाचा भाव ठाऊक, दुसऱ्या हाताला फक्त घरची नड ठाऊक. गाडी घेऊन दोन दोन दिवस चालत आलेला शेतकरी माल परत नेऊ शकत नव्हता. सावकाराचा तगादा, सरकारचा सारा आणि बैलांचा चारा हे सगळे त्याच्या मागे उभे असे. तार त्याच्या डोक्यावरून जात होती, पण ती त्याच्यासाठी बोलत नव्हती. १८९६-९७ आणि १८९९-१९०० साली दुष्काळ पडले तेव्हा याच वऱ्हाडात धान्याचे भाव मजुराच्या आवाक्याबाहेर गेले. तार तेव्हाही चालू होती, आगगाडीही चालू होती.

सरकारला पुढे बाजारावर काही नियम घालावे लागले. १८८६ साली कारंज्याचा कापूसबाजार नियमाखाली आला आणि १८९७ साली वऱ्हाडच्या कापूस व धान्य बाजारांसाठी कायदाच झाला. तरी शेतकऱ्याच्या कानापर्यंत भाव जाण्यास फार वर्षे लोटावी लागली. १९४८ च्या जुलैत नागपूरचे आकाशवाणी केंद्र सुरू झाले, आणि हळूहळू रेडिओवरचे बाजारभाव पारावर बसून ऐकता येऊ लागले. विलायतेहून आलेल्या तारेने जे केले नाही ते बिनतारी पेटीने केले, याची मला मौज वाटते.

याच तारेने आणखी एक रोग आणला, तोही सांगून टाकते. कारण त्याने पुष्कळ घरांतल्या बायकांच्या डोळ्यांना पाणी आणले आहे. न्यूयॉर्कच्या कापूसबाजाराचा उघडता व बंद भाव मुंबईत येई, आणि त्यातल्या आकड्यांवर लोक पैसे लावीत. १९६१ साली न्यूयॉर्कहून हे आकडे येणे बंद झाले. जुगार मात्र बंद झाला नाही. मडक्यात चिठ्ठ्या घालून आकडा काढू लागले, आणि मटका हे नाव पडले. कापूस पिकविणाऱ्या गावाने कापसाच्या भावावरूनच निघालेल्या जुगारात मंगळसूत्रे घालवावीत, हा केवढा उलटा न्याय!

तारायंत्राला खटखट कळे, पण माणसाचा आवाज कळत नसे. १८७६ च्या मार्चमध्ये अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांना टेलिफोनचे पेटंट मिळाले. पुढल्याच वर्षी अमेरिकेतील बोस्टन शहरात चार्ल्स विल्यम्स नावाच्या कारखानदाराने आपले घर आणि आपले दुकान यांच्यामध्ये टेलिफोनची कायमची तार ओढून घेतली. म्हणजे टेलिफोनची पहिली कायमची वाट ही सुद्धा शाखा आणि मुख्य कचेरी यांचीच होती, फक्त मुख्य कचेरी घर की दुकान, हे त्यांच्या कुटुंबास विचारावयास हवे होते.

प्रत्येकाने प्रत्येकाच्या घरी तार ओढली तर आभाळ दिसावयाचे नाही. म्हणून १८७८ साली न्यू हेवन या गावी २१ गिऱ्हाइकांचे पहिले व्यापारी एक्स्चेंज निघाले. सगळ्यांच्या तारा एका फळ्यावर आणावयाच्या आणि मध्ये बसलेल्या माणसाने ज्याची त्याची जोडून द्यावयाची. सुरुवातीला या कामावर पोरे ठेवली. ती गिऱ्हाइकांशी उद्धटपणे बोलत आणि खोड्या करीत. तेव्हा १ सप्टेंबर १८७८ रोजी बोस्टन येथे एमा नट या बाईंना नेमले. त्यांच्या सौम्य बोलण्याने गिऱ्हाइके इतकी खूश झाली की हे काम पुढे जगभर स्त्रियांचेच झाले. आपल्याकडेही मोठ्या शहरांतल्या एक्स्चेंजांत कानाला यंत्र लावून, डोळे फळ्यावर ठेवून तासन् तास बसणाऱ्या स्त्रियांनी आपले संसार चालविले आहेत. एकाच वेळी चुलीवर भाजी, पाळण्यात मूल आणि दारात पाहुणा सांभाळणाऱ्या बाईला दहा दोऱ्यांचा फळा सांभाळणे जड जाऊ नये.

मुंबई, कलकत्ता आणि मद्रास येथे एक्स्चेंजे १८८२ सालीच निघाली. जानेवारीच्या २८ तारखेला कलकत्त्याचे उद्घाटन झाले. १८८१ साली सरकारने त्यासाठी एका विलायती कंपनीला परवाना दिला होता. मुंबईचा टेलिफोन १९४३ साली सरकारकडे आला.

हाताने जोडण्याऐवजी यंत्रानेच जोडण्याची युक्ती निघाली तिची कथा गमतीची आहे. अमेरिकेत आल्मन स्ट्रॉजर नावाचा एक गृहस्थ प्रेतयात्रेचे सामान पुरविण्याचा धंदा करी. गावात त्याचा प्रतिस्पर्धी होता आणि प्रतिस्पर्ध्याच्या नात्यातली बाई एक्स्चेंजवर होती. आपले गिऱ्हाईक ती तिकडे जोडून देते, असा त्याला संशय आला, आणि त्याने १८९१ साली ऑपरेटरवाचून चालणाऱ्या एक्स्चेंजचे पेटंट घेतले. संशय खरा होता की खोटा देव जाणे. एका बाईवरच्या संशयातून पुढे हजारो बायकांच्या नोकऱ्या गेल्या, एवढे मात्र खरे.

आता जरा यंत्राच्या पोटात शिरू, कारण पुढचे सगळे त्यावर अवलंबून आहे. समजा, एखाद्या पेढीच्या शाखेत दहा मेजे आहेत. प्रत्येक मेजावर फोन हवा. तो दोन तऱ्हांनी देता येतो. एक तऱ्हा अशी की दहाही फोनांच्या तारा थेट मुख्य कचेरीच्या फळ्यावर न्यावयाच्या. शाखेत काहीच ठेवावयाचे नाही. मग शेजारच्या मेजावरच्या माणसाशी बोलावयाचे तरी आवाज आधी मुख्य कचेरीत जाणार आणि तेथून फिरून शेजारी येणार. दुसरी तऱ्हा अशी की शाखेत एक लहान फळा ठेवावयाचा. त्याला पी. बी. एक्स. म्हणतात. आतल्या आत जोडणी तेथेच होते, आणि बाहेर जाण्यापुरत्या दोन किंवा तीन तारा मुख्य कचेरीकडे जातात. घरात घागरी दहा असल्या तरी आडावर रहाट दोनच पुरतात, कारण सगळ्याजणी एकाच क्षणी पाणी काढीत नाहीत. तारांचा हिशेबही तसाच.

पहिल्या तऱ्हेत मुख्य कचेरीची हुकमत पक्की. सगळे तिच्या डोळ्यांखालून जाते आणि शाखेवर जाणता माणूस ठेवण्याचा खर्च नाही. पण मधली तार तुटली की शाखा जागच्या जागी मुकी. दुसऱ्या तऱ्हेत खर्च थोडा अधिक, शाखेत कोणीतरी समजणारे लागते, पण तार तुटली तरी आतले काम चालू राहते. मला वाटते की कोणतीही शाखा जोडताना खरा प्रश्न तारेचा नसतोच. शाखेत काय ठेवावयाचे आणि मुख्य कचेरीत काय न्यावयाचे हा तो प्रश्न असतो. आणि तो बहुधा मुख्य कचेरीत बसूनच सोडविला जातो.

खेडेगावात टेलिफोन आला तो पोस्टाच्या हाताला धरून. पोस्टाची रचनाच शाखांची आहे: मुख्य डाकघर, त्याखाली उपडाकघर, त्याखाली शाखा डाकघर. स्वातंत्र्य मिळाले तेव्हा साऱ्या देशात मिळून ऐंशी-पंच्याऐंशी हजारच टेलिफोन होते. बंगलोरला १९४८ साली टेलिफोनचा सरकारी कारखाना निघाला. तरी बहुतेक खेड्यांना एकच फोन माहीत असे, पोस्टातला. पन्नाशी-साठी उलटलेल्या भगिनींना तो काळा जड फोन आणि त्यावरून होणारा ट्रंककॉल आठवत असेल. आधी नंबर नोंदवावयाचा, मग बसून राहावयाचे. साधा, अर्जंट आणि लाइटनिंग असे प्रकार. लाइटनिंगचा दर ऐकूनच माणूस गार पडे. ठरावीक माणसालाच बोलवावयाचे असेल तर ‘पी. पी.’ सांगावे लागे. गावचा ऑपरेटर मोठ्या गावच्या ऑपरेटरला विचारणार, तो आणखी मोठ्याला, आणि अशा साखळीने मुंबई हाती लागणार. तीन मिनिटे झाली की मध्येच आवाज येई. त्यातले दीड मिनिट ‘हालो, हालो, ऐकू येते का’ यात गेलेले असे.

आणि बोलावे लागे ते ओरडून. पोस्टाच्या ओट्यावर पाच-दहा माणसे बसलेली. सासरी मुलीला काय होते आहे, जावई काय म्हणतो, हे आईने साऱ्या गावासमोर ओरडून कसे विचारावे? म्हणून आपल्या बायका फोनवर ‘बरी आहेस ना माय?’ एवढेच विचारीत, आणि मुलगी ‘बरी आहे’ एवढेच सांगे. पैसे भरून, तास दोन तास खोळंबून, एवढेच. खरे बोलणे ती पंचमीला माहेरी येई तेव्हाच होई. तार होती, आवाज पोहोचत होता, पण बोलण्याची मुभा काही त्या तारेतून आली नव्हती. तारमास्तराने आणलेला कागद पाहून तर घरात वाचण्याआधीच रडारड सुरू होई, कारण तार म्हणजे वाईट बातमी हे ठरूनच गेले होते. ती तारसेवा सरकारने जुलै २०१३ मध्ये बंद केली. १४ तारखेच्या रात्री शेवटच्या तारा स्वीकारल्या गेल्या. मोठ्या शहरांत लोकांनी आठवण म्हणून त्या दिवशी रांगा लावून तारा केल्या. आम्हां खेड्यातल्यांना एवढा उमाळा आला नाही.

ऑपरेटरशिवाय थेट दूरच्या गावी फोन लावण्याची सोय, म्हणजे एस. टी. डी., पहिल्यांदा नोव्हेंबर १९६० मध्ये कानपूर व लखनौ यांच्यात झाली. ती खेड्यापर्यंत येण्यास आणखी तीस वर्षे लागली, आणि त्याला कारण एक साधी अडचण होती. परदेशी बनावटीची एक्स्चेंजे मोठी, नाजूक, त्यांना थंड खोली हवी. आपल्या गावांत वैशाखाची धूळ, विजेचा लपंडाव. १९८४ च्या ऑगस्टमध्ये सरकारने सी-डॉट नावाची संशोधन संस्था काढली. ओडिशातील तितलागढला जन्मलेले सॅम पित्रोदा हे तिच्यामागचे प्रमुख गृहस्थ. या संस्थेने खेड्यासाठी १२८ तारांचे एक लहान एक्स्चेंज तयार केले. ते थंड खोलीवाचून चाले आणि धूळ सोसे. पहिले १९८६ साली कर्नाटकातील कित्तूर येथे बसविले, राणी चन्नम्मांच्या गावी.

या लहान पेटीचे मला विशेष कौतुक वाटते ते असे की ती दुसऱ्या तऱ्हेची होती. गावातल्या गावात फोन लावला तर जोडणी गावातच होई. बाहेर जाण्यापुरत्याच तारा मोठ्या एक्स्चेंजकडे जात. पावसाळ्यात रस्त्याकडेची मोठी तार तुटली तरी वरच्या आळीतून खालच्या आळीत डॉक्टरला बोलावता येई. कोणीतरी ती आखताना गावाच्या टोकाकडून विचार केला होता.

मग पिवळ्या पाटीची एस. टी. डी. दुकाने आली. काचेचे दार लावून घेता येई, ही बायकांच्या दृष्टीने केवढी मोठी गोष्ट! रात्री उशिरा दर उतरत, म्हणून जेवणे आटोपून लोक रांगेत उभे राहत. अनेक अपंग बंधूंना आणि एकट्या भगिनींना या दुकानांनी पोटापाण्याला लावले. शेजारच्या बांगलादेशात तर १९९७ पासून ग्रामीण बँकेच्या कर्जावर खेड्यातल्या बायकांनी मोबाइल फोन घेतले आणि गावाला मिनिटावर बोलावयास देऊन त्यावर घर चालविले. गावचा फोन बाईच्या घरात म्हटल्यावर इतर बायका न संकोचता तेथे जाऊ लागल्या. आता प्रत्येकीच्या कमरेला मोबाइल आहे, तेव्हा पिवळ्या पाट्याही गेल्या आणि ती दुकानेही.

फोन असा प्रत्येकीच्या हाती आला, पण शाखा आणि मुख्य कचेरी यांच्यामधली तार गेली नाही. ती बँकेत जाऊन बसली. पूर्वी आपल्या खात्याची वही शाखेतच असे. कारकून जाड खतावणी उघडी, पासबुकाशी ताडून पाही, सही जुळवी आणि पैसे देई. मुख्य कचेरीला हिशेब मागाहून जाई. २००० नंतरच्या दहा-पंधरा वर्षांत एकामागून एक बँकांच्या वह्या शाखेतून निघून दूर कोठेतरी मुख्य यंत्रात गेल्या. याचे फायदे मोठे आहेत आणि ते नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. पुण्यात नोकरी करणाऱ्या मुलाने पाठविलेले पैसे क्षणात येथे मिळतात. कोणत्याही गावी काढता येतात. शाखेतल्या शाखेत आकडे फिरविणाऱ्यालाही चाप बसला.

पण गेल्या उन्हाळ्यात एका बँकेच्या शाखेत मी पाहिले ते सांगते. बाजूच्या वाडीवरची एक म्हातारी निराधार योजनेचे पैसे काढावयास आली होती. मजुरी बुडवून, भाडे खर्चून. खिडकीतून उत्तर आले, “लिंक नाही आजी, उद्या या.” तिला लिंक म्हणजे काय ते ठाऊक नव्हते, तिला वाटले, कोणी साहेब आज आला नाही. “मंग थे कधी येईन?” असे तिने विचारले आणि आम्ही सगळ्या हसलो, पण तिचे काही चुकले असे मला वाटत नाही. तिजोरीत पैसा होता. पासबुक तिच्या हातात होते. कारकून तिला ओळखत होता, चांगला माणूस होता, त्याने तिला पाणीही दिले. पूर्वीच्या कारकुनाने तिला पैसे दिले असते. याला देता येत नव्हते, कारण तिचे खाते त्याच्यापाशी नव्हतेच. खामगावच्या गुमास्त्याची जी गत १८७० नंतर झाली, तीच याची झाली. तार जितकी चांगली, तितका शाखेवरचा माणूस रिकामा. रेशनच्या दुकानातही अंगठ्याचे यंत्र असेच आभाळाकडे बघत बसते, तेव्हा दुकानदार काय करणार आणि आपण काय करणार?

सरकारलाही ही अडचण दिसली आहे. देशातल्या अडीच लाख ग्रामपंचायतींना काचेच्या तंतूच्या तारेने जोडण्याची योजना ऑक्टोबर २०११ मध्ये मंजूर झाली. पुढे तिला भारतनेट हे नाव मिळाले. पहिल्या टप्प्यात तालुक्यापासून गावांकडे तार झाडाच्या फांदीसारखी नेली. मध्ये कोठे रस्त्याचे खोदकाम करताना ती तुटली की त्यापुढची सगळी गावे अंधारात. म्हणून ऑगस्ट २०२३ मध्ये जी सुधारित योजना मंजूर झाली, तीत तार कड्यासारखी वळवून परत आणावयाची असे ठरले, म्हणजे एका बाजूने तुटली तर निरोप दुसऱ्या बाजूने येईल. विहिरीला दोन बाजूंनी पायऱ्या असाव्यात तसे. हे कडे आपल्यापर्यंत नीट येऊन मिळो.

ते होईपर्यंत भगिनींनी आपल्यापुरती एक व्यवस्था करता येईल. बँकेजवळ राहणाऱ्या आपल्या एका सभासद भगिनीने पैसे वाटपाच्या दिवशी शाखा उघडली की दारातून विचारून घ्यावे, आणि मंडळाच्या मोबाइल गटावर ‘लिंक आहे, या’ किंवा ‘आज नको’ एवढेच कळवावे. ज्यांच्याकडे मोबाइल नाही अशा वाडीवरच्या म्हाताऱ्यांना जवळच्या सभासदाने निरोप द्यावा. कोणत्या वाडीचा निरोप कोणाकडे, याची यादी करावयाची आहे. वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात हळदीकुंकवाच्या वेळी वही घेऊन मी दाराशी बसणार आहे. ज्यांना जमेल त्यांनी आपले नाव आणि वाडी सांगावी.